शंभर कंठ, एक ताल

जुन्या काळीं विद्वानांच्या सभेंत समस्यापूर्तीचा खेळ चालत असे. सभेंतील एकानें श्लोकाचा एक चरण द्यावयाचा आणि जमलेल्या पंडितांनीं उरलेले तीन चरण आपापल्या बुद्धीनें रचून श्लोक पुरा करावयाचा. दिलेला चरण एकच, वृत्त एकच. परंतु एकाच्या मुखीं तो श्लोक शृंगाराचा होई, दुसऱ्याच्या मुखीं वैराग्याचा, तर तिसऱ्याच्या मुखीं राजस्तुतीचा. ‘हा चरण कोणाच्या मालकीचा?’ हा प्रश्न त्या सभेंत उद्भवत नसे. कारण चरण देणाऱ्याचा मान आणि पूर्ति करणाऱ्याची बिदागी हीं दोन्हीं तेथल्या तेथें, सर्वांच्या समक्ष, चुकतीं होत. परंतु अशी कल्पना करा कीं, त्याच एका चरणावर रचलेले शेंकडों श्लोक बाजारांत विकले जाऊं लागले, सातासमुद्रांपलीकडे त्यांवर कित्येक लोक धनाढ्य झाले, आणि चरण देणारा मात्र विस्मृतींत गेला. मग त्या चरणाचें ऋण कोणीं व कसें फेडावयाचें? हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. जमेका नांवाच्या देशापुढें तो प्रत्यक्ष उभा राहिला आहे, आणि तेथील त्या ‘चरणा’ला रिडिम असें म्हणतात.

जमेका हें कॅरिबियन समुद्रांतील एक बेट. विस्तारानें तें आपल्या सातारा जिल्ह्याहून किंचित् मोठें, म्हणजे सुमारें ११,००० चौरस किलोमीटर; लोकवस्ती सुमारें २८ लाख. १६५५ पासून १९६२ पर्यंत तेथें इंग्रजांचा अंमल होता. रहिवाशांपैकीं बहुतेक लोक आफ्रिकेंतून गुलाम म्हणून धरून आणलेल्यांचे वंशज आहेत. १८३८ सालीं गुलामगिरी पुरती संपल्यावर उसाच्या मळ्यांवर राबावयास माणसें मिळेनात. तेव्हां १८४५ पासून १९१७ पर्यंत हिंदुस्थानांतून सुमारें ३६,००० स्त्रीपुरुष करारानें बांधून तेथें नेण्यांत आले. त्यांतील बहुतेक उत्तर हिंदुस्थानांतील असून कलकत्त्याच्या बंदरांतून जहाजावर चढलेले होते. त्यांची आठवण पुढें एका ठिकाणीं काढावी लागणार आहे, म्हणून हा उल्लेख येथें करून ठेवला.

एवढ्याशा बेटानें जगाला रेगे नांवाचें संगीत दिलें. बॉब मार्ली यांच्यामुळें तें नांव आपल्याकडील तरुण मंडळींसही परिचित आहे. २०१८ सालीं युनेस्कोनें जमेकाच्या या संगीताचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत केला. या रेगेच्या पोटीं १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जें नवें रूप जन्मास आलें त्यास डान्सहॉल म्हणतात. नांवावरून एखादें सजविलेलें सभागृह डोळ्यांपुढें उभें राहील. परंतु हीं नृत्यगृहें म्हणजे पुष्कळदां गरीब वस्तींतील उघडीं अंगणेंच होतीं. आणखी एक गोष्ट आरंभींच स्पष्ट सांगितलेली बरी. या प्रकारांतील बरीचशीं गाणीं घरांतील लहानमोठ्या मंडळींनीं एकत्र बसून ऐकण्याजोगीं नाहींत, आणि खुद्द जमेकांतही त्यांवर वेळोवेळीं कडक टीका झालेली आहे. आपला विषय तीं गाणीं ज्या पायावर उभीं आहेत त्या पायापुरता आहे.

‘रिदम्’ या इंग्रजी शब्दाचा जमेकांतील लौकिक उच्चार रिडिम. परंतु त्याचा अर्थ नुसता ताल असा नाहीं. चर्मवाद्यांचा एक ठेका आणि त्याला बांधलेली, खर्जांतील गिटारीवर सतत फिरून फिरून येणारी स्वरांची एक आखूड ओळ, अशी ही जोडी असते. ज्यांनीं तबल्याचें स्वतंत्र वादन ऐकलें असेल त्यांना पेटीवर किंवा सारंगीवर अखंड चालणारा लेहरा आठवेल. लेहरा स्वतः पुढें येत नाहीं, पण तो थांबला तर सारा डोलारा कोसळतो. रिडिमचें कार्य तसेंच आहे. भेद इतकाच कीं, लेहऱ्याच्या आधारावर तबल्याचे बोल खेळतात, आणि रिडिमच्या आधारावर माणसाचे शब्द. शिवाय प्रत्येक रिडिमला स्वतःचें नांव असतें. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द लिहून पुढें ती चाल कोणत्या जुन्या पदाची हें नोंदविलेलें असे. जमेकांतील रसिकही नवें गाणें ऐकतांच पहिल्यांदा ओळखतो तो त्याचा रिडिम. गायक कोण, हें मागाहून.

ही रीत पडली कशी? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत किंग्स्टन या राजधानींतील गरिबांना वाद्यवृंद बोलावण्याची ऐपत नव्हती. म्हणून कांहीं उद्योगी माणसांनीं मोठमोठे कर्णे, ध्वनिवर्धक आणि तबकड्या वाजविण्याचें यंत्र गाड्यांवर घालून वस्तोवस्तीं नेण्यास सुरुवात केली. या सरंजामास ‘साउंड सिस्टिम’ असें म्हणतात. तबकडी निवडणारा तो ‘सिलेक्टर’, आणि तबकडी वाजत असतां मधून मधून तोंडानें टाळ्या घेणारीं वाक्यें टाकणारा तो ‘डीजे’. आपल्याकडे मिरवणुकींत ज्या दणदणाटास डीजे म्हणतात त्याहून हा डीजे निराळा. तो एक प्रकारचा शीघ्रकवि होय. अशा दोन सरंजामांचे सामनेही रंगत, आणि आपल्या कलगी-तुऱ्याच्या फडांप्रमाणें रात्र रात्र चालत. या धंद्यांत दोन नांवें अग्रेसर झालीं. ड्यूक रीड हे पूर्वाश्रमींचे पोलीस शिपाई. त्यांनीं आपल्या मद्याच्या दुकानावरील माडीवर ‘ट्रेझर आइल’ ही ध्वनिमुद्रणशाळा काढली. दुसरे क्लेमंट डॉड; यांनीं १९६३ सालीं ब्रेंटफर्ड रस्त्यावर ‘स्टुडिओ वन’ उघडला.

सुमारें १९६७-६८ मध्यें एक मौज झाली असें सांगतात. रडी रेडवुड नांवाचे एक सरंजामवाले रीड यांच्याकडून ‘ऑन द बीच’ या लोकप्रिय गाण्याची तबकडी कापून घ्यावयास गेले. यंत्रावरील माणसाकडून गायकांचा आवाज जोडावयाचा राहून गेला व नुसती वाद्यांची साथ तेवढी उतरली. रेडवुड यांनीं ती तशीच नेली आणि रात्रीं आधीं मूळ गाणें व त्यामागून ही मुकी तबकडी लावली. जमलेला समुदाय तें गाणें आपणच गाऊं लागला! साथ हीच एक स्वतंत्र वस्तु आहे, तिच्यांत कोणीही आपला कंठ ओतूं शकतो, हें त्या रात्रीं सर्वांच्या ध्यानांत आलें. पुढें तबकडीच्या एका बाजूस गाणें व दुसऱ्या बाजूस त्याची नुसती साथ, असा प्रघातच पडला. या दुसऱ्या बाजूस ‘व्हर्शन’ म्हणजे पाठभेद असें नांव मिळालें.

१९७० सालीं यू-रॉय या डीजेनें रीड यांच्या जुन्या साथींवर आपलीं बोलगाणीं म्हटलीं, आणि त्यांतील तीन गाणीं एकाच वेळीं जमेकाच्या लोकप्रियतेच्या यादींत अग्रभागीं जाऊन बसलीं. १९७४ सालीं रूपी एडवर्ड्स या निर्मात्यानें त्याहून धाडस केलें. १९६८ च्या ‘माय कॉन्व्हर्सेशन’ या एकाच गाण्याच्या साथीवर निरनिराळ्यांनीं केलेलीं रूपें एकत्र करून त्यांनीं संबंध संग्रह प्रसिद्ध केला. एका रिडिमचा संग्रह काढण्याची पद्धत तेव्हांपासून रूढ झाली.

या पद्धतीच्या मुळाशीं दारिद्र्याचें अर्थशास्त्र होतें, हें विसरतां कामा नये. मुद्रणशाळेचें भाडें व वादकांची मजुरी हा मोठा खर्च. तो एकदां करून दहा गायकांकडून दहा गाणीं घेतलीं तर प्रत्येक गाणें स्वस्तांत पडे. गायकाच्या बाजूनेंही सोय होती. ज्याच्यापाशीं ना वाद्य, ना वादक, असा किंग्स्टनच्या गल्लींतील एखादा पोरगा मुद्रणशाळेच्या दारांत उभा राही आणि संधि मिळतांच लोकांच्या परिचयाच्या रिडिमवर आपले शब्द म्हणून दाखवी. पाया तयार, फक्त आपला मजला चढवावयाचा! आणि नृत्याच्या अंगणांत सिलेक्टर जेव्हां एका रिडिमवरचीं अनेक गाणीं एकापाठोपाठ एक लावी, तेव्हां पाय न थांबतां कंठ तेवढे बदलत. आधींच्यानें जें म्हटलें त्याला पुढच्यानें उत्तर द्यावें, थट्टा करावी, मात करावी, यांतच रसिकांना गोडी वाटे. सामान्य ताल घेतल्यानें कवीची कसोटी सौम्य न होतां उलट अधिक कडक होते. कारण तुलना करावयास श्रोत्याला दुसरें कांहींच शोधावें लागत नाहीं. मंदाक्रांता वृत्त शेंकडों कवींनीं वापरलें, म्हणून तें कांहीं झिजलें नाहीं. झिजले ते सामान्य कवि.

कांहीं रिडिमचें आयुष्य तर आश्चर्यकारक ठरलें. डॉड यांच्या मुद्रणशाळेंत सुमारें १९६७ मध्यें ‘साउंड डायमेन्शन’ या वादकसंचानें ‘रिअल रॉक’ नांवाचा एक तुकडा वाजविला. दहा वर्षांनंतर विली विल्यम्स यांनीं त्यावर ‘आर्मागिडियन टाइम’ हें गाणें बसविलें. १९७९ सालीं लंडनच्या ‘द क्लॅश’ या गोऱ्या तरुणांच्या संचानें तेंच गाइलें. आणि त्यानंतरही त्या तुकड्यावर नवीं गाणीं होतच राहिलीं. मूळ तुकडा वाजविणाऱ्यांना मात्र त्या काळच्या रिवाजाप्रमाणें कामाची ठराविक मजुरी मिळाली होती, एवढेंच.

यानंतरचें मोठें स्थित्यंतर १९८५ सालचें. नोएल डेव्ही या तरुणापाशीं जपानच्या कॅसियो कंपनीची ‘एमटी-४०’ ही एक लहानशी विजेवरची पेटी होती. घरगुती शिकाऊ मंडळींसाठीं केलेल्या त्या पेटींत कांहीं तयार ठेके भरून ठेविलेले होते. डेव्ही आणि गायक वेन स्मिथ यांना त्यांतील ‘रॉक’ या नांवाचा ठेका सांपडला. निर्माते किंग जॅमी यांनीं तो संथ केला, त्यावर टाळ्या व पियानोचे आघात चढविले, आणि ‘स्लेंग टेंग’ हा रिडिम सिद्ध झाला. २३ फेब्रुवारी १९८५ रोजीं ब्लॅक स्कॉर्पिओ या प्रतिस्पर्धी सरंजामाबरोबरच्या सामन्यांत जॅमी यांनीं तो वाजविला आणि जमेकाच्या संगीताचा कायापालट झाला. वाद्यवृंदाची गरजच संपली! शेंकडों गायकांनीं त्या एका रिडिमवर गाणीं म्हटलीं.

आतां यांतील खरी नवलाची गोष्ट ऐका. तो ठेका पेटींत भरणाऱ्या ओकुडा हिरोको या जपानी बाई होत्या. संगीत महाविद्यालयांत त्यांनीं पदवीचा प्रबंध लिहिला होता तो रेगे या विषयावरच! १९८० सालीं त्या कॅसियो कंपनींत लागल्या आणि लागलीच त्यांच्याकडे हें काम आलें. म्हणजे जमेकाचा नाद जपानांत एका विद्यार्थिनीच्या मनांत मुरला, यंत्रांत शिरून बाहेर पडला आणि पुन्हां जमेकांतच जाऊन रुजला. कंपनीनें त्याबद्दल कोणाकडून मोबदला मागितला नाहीं. घेणें आणि देणें यांचें वर्तुळ इतक्या सुरेख रीतीनें पुरें झाल्याचें उदाहरण विरळा.

जमेकांतील हिंदी लोकांची आठवण काढावयाची ती येथें. १९९८ च्या सुमारास स्टीव्हन मार्सडेन ऊर्फ लेन्की यांनीं एक रिडिम रचला आणि त्याला नांव दिलें ‘दिवाली’. टाळ्यांच्या वळणदार आघातांवर उभा असलेला हा रिडिम २००२ सालीं प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं, म्हणजे २००३ सालीं, अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादींत त्यावरील शॉन पॉल यांचें ‘गेट बिझी’ पहिल्या क्रमांकास, लुमिडी या तरुणीचें गाणें तिसऱ्या क्रमांकास आणि वेन वंडर यांचें ‘नो लेटिंग गो’ अकराव्या क्रमांकास पोहोंचलें. तीन निराळे कंठ, तीन निराळे भाव, पाया एकच, आणि त्या पायावर आपल्या सणाचें नांव! त्याच सुमारास दुसरा एक रिडिम गाजला, त्याचें नांव ‘कूली डान्स’. न्यूयॉर्कच्या ‘नीना स्काय’ या जुळ्या बहिणींचें २००४ सालचें ‘मूव्ह या बॉडी’ हें गाणें त्यावरच आहे. ‘कूली’ हा शब्द करारी मजुरांच्या वंशजांना हिणविण्यासाठीं तेथें दीर्घकाळ वापरला गेला. एकाच समाजाची खूण एका तालाच्या नांवांत दीपोत्सव म्हणून उमटावी आणि दुसऱ्याच्या नांवांत उपहास म्हणून, हा योगायोग मनाला चटका लावणारा आहे. त्याच समाजांतून सुपर कॅट म्हणजे विल्यम मराघ हे डान्सहॉलचे एक थोर डीजे निर्माण झाले, हेंही नमूद केलें पाहिजे.

येथवर सर्व गोड झालें. आतां हिशेबाची वही उघडूं.

१९७३ सालीं अँसेल कॉलिन्स यांनीं विन्स्टन रायली या निर्मात्यासाठीं ‘स्टॅलॅग १७’ हा तुकडा वाजविला. त्यावर पुष्कळांनीं गाणीं केलीं. १९८२ सालीं सिस्टर नॅन्सी या तरुण गायिकेनें आपल्या पहिल्या संग्रहांत एक गाणें कमी पडत होतें म्हणून त्याच रिडिमवर ‘बॅम बॅम’ हें गाणें म्हटलें. पुरुषांच्या या फडांत स्त्रीनें ताठ मानेनें उभें राहण्याचें तें गाणें आज जगभर ऐकलें जातें. चित्रपटांत तें आलें, आणि अमेरिकेंतील मोठमोठ्या गायकांनीं त्याचे तुकडे आपल्या गाण्यांत जडविले. या बाई पुढें अमेरिकेंत जाऊन राहिल्या आणि तेथें एका बँकेंत हिशेबनिसाचें काम करीत. तीस वर्षांहून अधिक काळ त्या गाण्याचा मोबदला त्यांच्या हातीं पडला नाहीं. २०१४ सालीं पादत्राणांच्या एका जाहिरातींत स्वतःचाच आवाज त्यांच्या कानीं पडला, तेव्हां त्यांनीं कायद्याचा आश्रय घेतला आणि हक्कांत वांटा मिळविला.

परंतु वाचकांनीं येथेंच निवाडा देऊं नये. ‘बॅम बॅम’ हें पालुपद मूळचें टूट्स व मेटल्स या मंडळींचें; १९६६ सालीं जमेकांत भरलेल्या पहिल्या उत्सवगीत स्पर्धेंत त्यांनीं याच नांवाच्या गाण्यावर पहिलें बक्षीस मिळविलें होतें. म्हणजे पालुपद एकाचें, साथ दुसऱ्यानें वाजविलेली, तिच्यावर पैसा तिसऱ्याचा, आणि शब्द व कंठ नॅन्सीबाईंचे. यांतील कोणाला ‘तुझें कांहीं नाहीं’ असें म्हणतां येईल?

याहून मोठा तंटा ‘फिश मार्केट’ या रिडिमचा आहे. क्लीव्हलंड ब्राउन व वायक्लिफ जॉन्सन हे दोघे ‘स्टीली आणि क्लीव्ही’ या जोडनांवानें प्रसिद्ध होते. त्यांनीं १९८९ सालीं हा रिडिम रचला. त्याची घडण समजावी म्हणून आठ मात्रा मनांत संथपणें मोजाव्या. १ आणि ५ या मात्रांवर पायानें ठेका द्यावा, आणि ४ व ७ या मात्रांवर टाळी वाजवावी. आठाचे ३, ३ व २ असे भाग पडून पाय सरळ चालतो आणि हात त्याला हुलकावणी देतो. याच मापावर शब्बा रँक्स यांनीं १९९० सालीं ‘डेम बो’ हें गाणें म्हटलें. पुढें पनामा, न्यूयॉर्क आणि पोर्तो रिको येथील स्पॅनिश भाषा बोलणाऱ्या गायकांनीं तो ठेका उचलला आणि त्यांतून ‘रेगेटोन’ हा प्रकार जन्मास आला. तेथें त्या ठेक्याचें नांवच मुळीं ‘डेम्बो’ असें पडलें. रेगेटोनमध्यें आज कोट्यवधि डॉलर्सची उलाढाल होते. आपल्याकडील लग्नांच्या वरातींतसुद्धां २०१७ सालचें ‘देस्पासितो’ हें त्या वळणाचें गाणें वाजून गेलें आहे.

जॉन्सन २००९ सालीं निवर्तले. २०२१ सालीं ब्राउन आणि जॉन्सन यांचे वारस यांनीं कॅलिफोर्नियांतील न्यायालयांत दावा लावला. तो वाढतां वाढतां १,६०० हून अधिक गाण्यांवर आणि शंभराहून अधिक प्रतिवादींवर जाऊन पोहोंचला. प्रतिवादींचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ताल हा कोणाच्या मालकीचा असूं शकत नाहीं. असे ठेके सर्वांचेच आहेत. वादींचें म्हणणें असें कीं, आम्हीं नुसता ठेका दिला नाहीं. कोणतें वाद्य कोठें बोलावें व कोठें गप्प राहावें याची संबंध रचना दिली, आणि ती आमच्या बुद्धीची आहे. मे २०२४ मध्यें न्यायाधीशांनीं प्रतिवादींची विनंति अमान्य करून हा दावा आरंभींच काढून टाकण्याचें नाकारलें.

कायद्याचा इतिहासही येथें उद्बोधक आहे. स्वरावलि आणि शब्द यांनाच रचना मानावयाचें व ठेक्याला मानावयाचें नाहीं, अशी पाश्चात्य व्यवहाराची जुनी दृष्टि. ज्या लोकांच्या संगीतांत स्वरावलि हाच प्राण, त्यांनीं ती ठरविली. आफ्रिकेच्या वंशजांच्या संगीतांत ठेका आणि खर्ज हे शरीर असून स्वरावलि हा अलंकार आहे. त्यांनीं त्याच तराजूंत आपला माल घातला तर त्याचें वजन शून्य भरतें. शिवाय जमेकाला स्वतःचा लेखनहक्कविषयक कायदा मिळाला तो १९९३ सालीं. तोंपर्यंत स्वातंत्र्यानंतरचीं ३१ वर्षें तेथें इंग्रजांचा १९११ सालचा जुना कायदाच चालू होता. ‘रिअल रॉक’, ‘स्टॅलॅग’, ‘स्लेंग टेंग’, ‘फिश मार्केट’ हे सर्व रिडिम त्या पूर्वींचे आहेत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांचे कर्ते रिक्तहस्त कां राहिले याचा बराचसा उलगडा होतो.

मग न्याय्य काय? दोन टोंकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, ताल गंगेच्या पाण्यासारखा. ज्याच्यापाशीं घागर असेल त्यानें भरून न्यावी. दुसरा म्हणतो, ज्यानें विहीर खणली त्याच्या परवानगीवांचून थेंबही उचलूं नये. मला दोन्हीं मतें अपुरीं वाटतात. दुसरें मत आरंभापासून अमलांत असतें तर किंग्स्टनच्या गल्लींतील त्या निष्कांचन पोरांना तोंड उघडावयास जागाच मिळाली नसती. पहिलें मत एका विशिष्ट मर्यादेंतच खरें आहे, आणि ती मर्यादा अंगणाची आहे. अंगणाच्या आंत सर्वांना ठाऊक असे कीं हा रिडिम कोणाचा. आज ज्यानें दुसऱ्याचा घेतला त्याचा उद्यां तिसरा घेई. रिडिमचें नांव उच्चारणें हीच ऋणाची कबुली असे. पैसा थोडा, पण ओळख पुरी. निर्मात्यानें वादकाला बुडविल्याचीं गाऱ्हाणीं तेथेंही होतींच. तरीपण ऋणको व धनको समोरासमोर होते. तोच रिडिम समुद्र ओलांडून जातो तेव्हां घेणारा व देणारा यांची दृष्टादृष्ट होत नाहीं. नांव गळून पडतें, आणि नांव गळालें कीं मोबदलाही गळतो.

तेव्हां अंगणाला कुंपण घालण्यापेक्षां अंगणाची नीति बाहेर न्यावी, हा खरा मार्ग होय. ताल सर्वांना खुला असावा; परंतु त्यावर जो द्रव्य मिळवील त्यानें कर्त्याचें नांव घ्यावें आणि कमाईंतला योग्य वांटा द्यावा. हें अव्यवहार्य आहे काय? याचें उत्तर स्वतः स्टीली आणि क्लीव्ही यांनींच आपल्या कृतीनें देऊन ठेविलें आहे. डॉन पेन या बाईंनीं १९६७ सालीं डॉड यांच्याकडे ‘यू डोन्ट लव्ह मी’ हें गाणें म्हटलें होतें. पुढें त्या संगीतापासून दूर गेल्या. १९९२ सालीं या जोडीनें स्टुडिओ वनचीं जुनीं गाणीं नव्या साजांत काढावयाचें ठरविलें. रूढ पद्धतीप्रमाणें जुनी साथ घेऊन तिच्यावर एखादा ताजा गळा बसविणें सोपें होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं डॉन पेन यांनाच बोलावून आणलें आणि त्यांच्याकडूनच तें गाणें पुन्हां म्हणवून घेतलें. १९९४ सालीं तेंच गाणें इंग्लंडच्या यादींत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलें, आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ मागें पडलेली गायिका जगाच्या कानीं पडली.

आपल्या पूर्वजांनीं देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशीं जीं ऋणें सांगितलीं, त्यांतील ऋषिऋण हें ज्ञानाचें आहे. तें फेडावयाचें तें अध्ययन करून व पुढच्यास देऊन. पण शिकलेल्या विद्येबरोबर ती देणाऱ्याचें नांवही परंपरेनें जपावयाचें, हा त्याचा दुसरा भाग आहे. आपल्या घरांतील मुलेंमुलीं कानांत यंत्र घालून जें ऐकतात त्यांत जमेकाचे हे ठेके पुष्कळ वेळां असतात. तें बंद करा असें मी म्हणणार नाहीं. त्यांना एवढेंच विचारावें कीं, बाळांनो, गाणारा कोण हें तुम्हांस माहीत आहे; पण हा पाया कोणीं घातला? उत्तर शोधतांना तीं किंग्स्टनच्या एखाद्या माडीवरील मुद्रणशाळेपर्यंत, किंवा जपानांतील एका विद्यार्थिनीच्या प्रबंधापर्यंत जाऊन पोहोंचतील; आणि घेतलेल्या वस्तूवर देणाऱ्याचें नांव असतें, हा धडा त्यांना पाठांतरावांचून मिळेल.